होळीला पुढे, दिवाळीला मागे

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मी नोकरी करते. व्हॉल्व्हला लागणारे बुश आणि रिंगा आम्ही बनवतो. सीएनसीवर माल निघतो, तपासला जातो, तेल लावून खोक्यात भरला की बाहेरदेशी जातो. माझं काम ऑफिसातलं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेचे कागद. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यात एक भर पडली. परदेशी ग्राहकांबरोबरचे आठवड्याचे दोन कॉल माझ्याकडे आले.

आधी ते एक गृहस्थ सांभाळायचे. नोकरी सोडताना त्यांनी टेबलावरची काच उचलून खालची चिठ्ठी मला दाखवली. ‘मंगळवार जर्मनी दुपारी २. गुरुवार अमेरिका संध्याकाळी ६.’ मला वाटलं, झालं, एवढंच तर आहे. ऑगस्ट, सप्टेंबर आणि जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एवढंच होतं.

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. तिकडे शनिवार-रविवार. म्हणजे दोन्हीकडे काम चालू असतं ते सोमवार ते गुरुवार. हे आधीच सांगते, कारण पुढचा घोळ यामुळेच लांबला.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर २०२३. दोनला मी लिंक उघडली. शेजारी आमचे इन्स्पेक्टर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्यापुढे मोजमापाचे कागद, व्हर्नियर आणि नमुन्याचे पाच बुश. सव्वादोन झाले तरी समोर कोणी नाही. साहेब एकदा डोकावून गेले. मी मेल टाकली, ‘आजचा कॉल आहे ना?’ लगेच उत्तर आलं, ‘आहे, साडेदहाला. इथे आत्ता पावणेदहा वाजलेत.’

मी बोटांवर हिशेब केला. त्यांचे साडेदहा म्हणजे आपले तीन. गेल्या आठवड्यात त्यांचे साडेदहा म्हणजे आपले दोन होते. मग हा तास आला कुठून?

तीनला पहिली पाळी सुटते. तीन दहाला बस निघते. अण्णा सकाळी सातचे आलेले, राहायला विठ्ठलवाडीला. बस चुकली की स्टेशनपर्यंत रिक्षाचे पैसे त्यांच्या खिशातून जातात. ते म्हणाले, “मॅडम, कागदावर सगळं लिहिलंय, तुम्ही वाचून दाखवा.” आणि गेले. तीनला जर्मनीवाले आले, आणि पहिलाच प्रश्न तिसऱ्या नमुन्याच्या आतल्या व्यासाचा. अण्णांचं अक्षर मला लागेना. ‘उद्या कळवते’ म्हणून मी वेळ मारून नेली.

रात्री घरी मोबाइलवर शोधलं तेव्हा उलगडा झाला. रविवारी, २९ ऑक्टोबरला, युरोपातल्या लोकांनी आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती. उन्हाळ्यात तासभर पुढे, हिवाळ्यात परत मागे. हे कधीतरी ऐकलं होतं, पण आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं होतं. आपल्याकडे भिंतीवरच्या घड्याळाला हात लागतो तो सेल बदलायला. रविवारी ते तिकडे काटे फिरवत होते तेव्हा मी कारखान्यातच होते, कारण आमचा तो कामाचा दिवस.

आता शहाणी झाल्यासारखं मला वाटलं, आणि तिथेच फसले. युरोपने बदललं म्हणजे अमेरिकेनेही बदललं असणार, असं मी धरून चालले. त्याला पुरावाही सापडला. ओहायोच्या आमच्या ग्राहकाच्या प्रत्येक मेलमध्ये ‘सकाळी ८.३० ईएसटी’ असं असतं. इंटरनेटवर ‘साडेआठ ईएसटी म्हणजे भारतात किती’ असं विचारलं. उत्तर आलं, संध्याकाळी सात. मी सगळ्यांना सांगून टाकलं की गुरुवारचा कॉल सहाला नाही, सातला.

हा ईएसटी म्हणजे नुसती हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यातल्या वेळेला ईडीटी म्हणतात. पण तो माणूस सवयीने बारा महिने ईएसटीच लिहितो. आणि अमेरिका घड्याळ मागे घेते ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मध्ये एक आठवडा असा जातो की जर्मनी हलली आहे आणि अमेरिका अजून जागच्या जागी आहे.

आमचा गुरुवार, २ नोव्हेंबर, नेमका त्या आठवड्यात. सहाला मी डिस्पॅचमध्ये खोकी मोजत होते. मोबाइल ड्रॉवरमध्ये चार्जिंगला. सहा चाळीसला वर आले तर मेल पडलेली. ‘वीस मिनिटं वाट पाहिली. आता दुसऱ्या मीटिंगला जातोय.’ मी फोन लावला, त्याने उचलला नाही.

त्या कॉलमध्ये तो एका बदलाला होकार देणार होता. बुशच्या कडेचा उतार किंचित वाढवायचा, एवढंच. त्याच्या होकारासाठी सहाशे नग पॅकिंगला थांबले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आम्हाला सुट्टी. मग शनिवार-रविवार त्यांना सुट्टी. एका तासाची चूक, आणि उत्तर थेट सोमवारी. तोवर त्या आठवड्याच्या जहाजासाठी न्हावा शेवाला माल पोचवायची मुदत गेली. साहेब म्हणाले, “मॅडम, घड्याळ बघता येत नाही का?” सगळ्यांसमोर म्हणाले. मी काही बोलले नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

सोमवारचं तर सांगायलाही लाज वाटते. ६ नोव्हेंबरला ग्राहकाने पुन्हा साडेआठची वेळ दिली. गुरुवारी धडा मिळाला होता की अमेरिकेचं सहाच खरं. म्हणून मी पावणेसहापासून लॅपटॉपपुढे. पण मधल्या रविवारी, ५ तारखेला, अमेरिकेनेही घड्याळ मागे घेतलं होतं. तो आला बरोबर सातला. मंगळवारी मी तासभर लवकर, गुरुवारी तासभर उशिरा, सोमवारी परत तासभर लवकर.

त्या सोमवारी मी एकटीच बसलेली बघून दुसऱ्या पाळीचा एक ऑपरेटर चहा घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “मॅडम, तुमचा एक तास हलला तर एवढं झालं. आमचे दर आठवड्याला आठ तास हलतात.” पहिली, दुसरी, तिसरी, दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बदलापूरच्या चाळीत पत्र्याखाली दिवसा झोपतो. मी इतकी वर्षं त्यांचा पाळीचा तक्ता टाइप करत आले. त्यांच्या झोपेचं काय होत असेल हे कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, ९ नोव्हेंबरला, वसुबारस होती. कॉल सातला सुरू झाला, पावणेआठला संपला. जनरल पाळीची बस पावणेसातलाच गेलेली. आनंदनगरहून त्या वेळी शेअर रिक्षा भरायला वेळ लागतो. वीस मिनिटं उभी होते. मग अंबरनाथ स्टेशन, मग बदलापूर लोकल. एकच स्टेशन, पण गाडी यायला हवी ना. घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. सासूबाईंनी पणत्या लावून ठेवल्या होत्या. दोन विझल्या होत्या. मुलगा वही उघडी टाकून झोपला होता.

तो सगळा हिवाळा असाच गेला. अडचण एका तासाची, पण तो तास सहा ते सात नसून आठ ते नऊ असतो. संध्याकाळी पावणेसातच्या बसने निघणं आणि आठला रिक्षा शोधणं यात फार फरक आहे. सासूबाईंना साखरेची गोळी असते, जेवायच्या आधी घ्यायची. मी येईपर्यंत त्या थांबायच्या. एकदा गोळी घेतली आणि जेवण लांबलं. त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या वहिनींनी साखर खायला दिली. त्यानंतर मी ठरवलं की गुरुवारी त्यांनी माझी वाट बघायची नाही. पोळ्या सकाळीच करून ठेवायला लागले. सकाळच्या पोळ्या रात्री खायला त्यांना आवडत नाही, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत.

एकदा वाटेतून कॉल घेऊन पाहिला. अंबरनाथच्या फलाटावर बाकावर बसून. मधेच घोषणा सुरू झाली, मागून जलद गाडी धडधडत गेली. ओहायोवाल्याने विचारलं, तुम्ही विमानतळावर आहात का? मी हो म्हणाले. पुन्हा तसा प्रयत्न केला नाही.

कुठलं घड्याळ कधी हलतं हे डोक्यात राहीना. इंग्रजीत यासाठी एक म्हण आहे, वसंतात पुढे आणि पानगळीत मागे अशा अर्थाची. अंबरनाथमध्ये पानगळ कधी येते हे मला आजवर कळलेलं नाही. एके रात्री जेवताना मी हे सासूबाईंना समजावत होते, खरं तर स्वतःलाच. मार्चमध्ये पुढे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागे. त्या म्हणाल्या, “मग सरळ सांग ना, होळीला पुढे आणि दिवाळीला मागे.” तेव्हापासून ते पक्कं बसलं. त्यांचं घड्याळ होळीच्या सुमारास पुढे गेलं की आपला कॉल तासभर लवकर येतो. दिवाळीच्या सुमारास मागे आलं की आपला कॉल तासभर उशिरा जातो.

सण काही तारखेवर चालत नाहीत, म्हणून नेमकी तारीख मात्र कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवते. अमेरिकेचा मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. युरोपचा मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. चार रविवार, चार गोल. दिवाळीच्या वेळी मधलं अंतर आठवड्याचं असतं. होळीच्या वेळी ते दोन-तीन आठवड्यांचं असतं, आणि तेव्हा अमेरिका आधी हलते. ते आठवडे सगळ्यात वाईट.

हे आपल्याकडे का नाही, असं मुलाने विचारलं होतं. आपल्याकडे दिवस फारसा लहानमोठा होत नाही. मुंबईच्या बाजूला जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला अकराच्या. जर्मनीत जूनमध्ये सोळा तासांहून जास्त उजेड आणि डिसेंबरमध्ये जेमतेम आठ. पहाटेचा वाया जाणारा उजेड संध्याकाळी वापरायचा म्हणून ते काटे सरकवतात. देशभर हे पहिल्यांदा केलं ते जर्मनीनेच, १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात.

सासरे शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, आपल्याकडेही झालंय हे. त्यांचे वडील कल्याणला रेल्वेत होते. दुसऱ्या महायुद्धात, आज जिथे उल्हासनगर आहे तिथे लष्कराचा तळ होता, त्या काळात सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. १९४५ मध्ये ते परत मागे आलं. शिवाय मुंबईची आपली वेगळी वेळ होती, स्टँडर्ड टाइमपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि मुंबई महापालिका कितीतरी वर्षं तीच धरून बसली होती. आजेसासरे गाडीला एक वेळ बघायचे आणि शहरात गेले की दुसरी. हे ऐकून मला का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

मार्च २०२४ मध्ये मी तयारीत होते. १० तारखेला गोल होता. तरी खात्री करावी म्हणून रविवारी रात्री भाच्याला फोन लावला. तो अमेरिकेत असतो. विचारलं, “काय रे, घड्याळ बदललं का तुमचं?” तो म्हणाला, “नाही मावशी, काही बदललं नाही.” मला वाटलं, कालनिर्णयवर मीच चुकीचा रविवार धरला. गुरुवारी, १४ तारखेला, सहाला मी कँटीनमध्ये चहा घेत होते. सहा वाजून पाच मिनिटांनी ओहायोचा फोन. पळत वर गेले. नमुन्यांचे फोटोही काढलेले नव्हते.

भाचा फिनिक्सला राहतो. तिथे, ॲरिझोनात, बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाहीत. त्याने खरं तेच सांगितलं होतं. नंतर चिडून फोन केला तर म्हणाला, “मावशी, तू ‘तुमचं’ असं विचारलंस.”

जर्मनीची मार्चमधली वेळ मात्र सरळ गेली. ३१ मार्चला त्यांचा ईस्टर होता, त्याच दिवशी घड्याळ बदललं. सोमवारी त्यांना सुट्टी. मंगळवारी, २ एप्रिलला, अण्णा आणि मी दोनला बसलो आणि दोनलाच ते आले. अण्णांना तीन दहाची बस मिळाली.

साहेबांनी मधल्या काळात उल्हासनगरच्या बाजारातून दोन भिंतीवरची घड्याळं आणली. खाली कागद चिकटवले, ‘जर्मनी’ आणि ‘अमेरिका’. कल्पना चांगली होती. पण वर्षातून दोनदा स्टुलावर चढून ती फिरवणार कोण? शिपाई गावी गेला होता तेव्हा एक राहून गेलं, आणि ऑफिसातला प्रत्येक जण ते चुकीचं घड्याळ बघून मला बरोबर करायला लागला. आता दोन्ही कपाटावर पडून आहेत.

उपयोग झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. आयटीचं काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने सांगितली. कॉलचं निमंत्रण मी पाठवायचं नाही, त्यांना पाठवायला सांगायचं. ज्याने निमंत्रण पाठवलं त्याच्या गावच्या वेळेला ते बांधलेलं असतं. त्यांच्या कॅलेंडरमध्ये साडेआठ ते साडेआठच राहतात, आणि माझ्या लॅपटॉपवर आपोआप कधी सहा दिसतात, कधी सात. पाच मिनिटांचं काम. आधीच्या गृहस्थांनी निमंत्रण असं कधी केलंच नव्हतं, लिंक कायमची एकच आणि वेळ त्या चिठ्ठीवर. तेही दरवर्षी असेच चुकत असणार. त्यांनी मला सांगितलं कसं नाही? कदाचित त्यांनाही सांगायची लाज वाटली असेल.

पण कॅलेंडर फक्त वेळ दाखवतं. रात्री आठच्या रिक्षाचं ते काही करू शकत नाही. २०२४ च्या दिवाळीच्या आधी मला पुन्हा ती धास्ती सुरू झाली. ३ नोव्हेंबरला भाऊबीज आणि त्याच दिवशी अमेरिकेचं घड्याळ मागे. पुन्हा चार महिने सकाळच्या पोळ्या. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की विचारून बघू. हिवाळ्यात कॉल तुमच्या साडेसातला घेता येईल का? साडेसात म्हणजे आपले सहा. मेल तीनदा लिहिली, तीनदा खोडली. ग्राहकाला वेळ बदला म्हणून कोण सांगतं? शेवटी साहेबांना न विचारताच पाठवली, हे इथे कबूल करते.

दोन ओळींचं उत्तर आलं. मी सातलाच कारखान्यात येतो, साडेसात मला उलट सोयीचं आहे.

एक अख्खा हिवाळा मी रिक्षाच्या रांगेत उभी होते, आणि तो माणूस सात वाजल्यापासून नुसता बसलेला होता. आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

जर्मनीवाल्यांनाही विचारलं. त्यांना साडेनऊला जमत नाही, त्यांची स्वतःची रोजची मीटिंग असते. सभ्यपणे नाही म्हणाले. त्यांच्यातला एक जण म्हणाला की त्यांनाही या बदलाचा वैताग आहे, युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये तो बंद करायच्या बाजूने मत दिलं होतं आणि तरी अजून चालूच आहे. म्हणजे हिवाळ्यात तिथला कॉल तीनलाच. मग अण्णांना नोव्हेंबर ते मार्च मंगळवारी जनरल पाळी दिली. ते तयार झाले, पण खुशीने नाही. मंगळवारी संध्याकाळी उशिरा घरी आणि बुधवारी परत सातची पाळी, म्हणजे पाचला उठायचं. “तुमच्या जर्मनीपायी माझी झोप जाते,” असं ते दर बुधवारी ऐकवतात. यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

२०२५ मध्ये युरोपचं घड्याळ ३० मार्चला पुढे गेलं, बरोबर गुढीपाडव्याला. सासूबाईंनी गुढी उभारता उभारता विचारलं, “आज कोणाचं?” मी म्हटलं, जर्मनीचं.

गेल्या महिन्यात मला लग्नासाठी आठ दिवस गावी जायचं होतं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला सगळं समजावलं. चार रविवार, निमंत्रण कोणाकडून येतं, ईएसटी वाचून फसायचं नाही, मंगळवारी अण्णा कुठल्या पाळीला आहेत ते आधी बघायचं. तो ऐकत होता, पण हातात मोबाइल. म्हणाला, “मॅडम, एवढं लक्षात कशाला ठेवायचं? अमेरिकेत किती वाजलेत ते गूगलला विचारतो.”

मी म्हटलं, “विचार की. फक्त फिनिक्सचं विचारू नकोस.”